झोप आणि स्मृतिदृढीकरण

झोप आणि स्मृतिदृढीकरण हा मेंदूविज्ञान, मानसशास्त्र आणि शिक्षणशास्त्र या तिन्ही शास्त्रांशी संबंधित असा विषय आहे. नव्याने शिकलेली गोष्ट आरंभी मेंदूत कच्च्या स्वरूपात असते आणि ती सहज पुसली जाऊ शकते. शिकल्यानंतर लागणाऱ्या झोपेत मेंदू तिची उजळणी करतो, पूर्वीच्या ज्ञानाशी तिची सांगड घालतो आणि तिला अधिक टिकाऊ रूप देतो. या क्रियेस स्मृतिदृढीकरण असे म्हणतात. दृढीकरण जागेपणीही काही प्रमाणात होते. परंतु झोपेत, विशेषतः गाढ झोपेत, ते अधिक परिणामकारक होते असे गेल्या शंभर वर्षांतील प्रयोगांवरून दिसून आले आहे. या दृष्टीने पाहता झोप हा शिकण्याचाच उत्तरार्ध ठरतो.

महाराष्ट्रात हा विषय २०२३-२४ मध्ये प्राथमिक शाळांच्या वेळेच्या निमित्ताने सार्वजनिक चर्चेत आला. चंद्रपूर व गडचिरोली या वनजिल्ह्यांत रात्रभर चालणारी झाडीपट्टीची नाटके, मार्कंडा येथील महाशिवरात्रीचे जागरण, उन्हाळ्यातील उष्मा आणि डासांचा उपद्रव यांमुळे त्याला स्थानिक संदर्भही आहे.

संज्ञा

स्मृतीचे तीन टप्पे मानले जातात : ग्रहण, धारण आणि स्मरण. वाचलेले वा ऐकलेले मेंदूने टिपून घेणे म्हणजे ग्रहण. ते टिकवून ठेवणे म्हणजे धारण. आणि हवे तेव्हा ते पुन्हा आठवणे म्हणजे स्मरण. दृढीकरण ही यांपैकी धारणाच्या टप्प्यावर घडणारी क्रिया होय. ही संज्ञा १९०० साली जर्मनीतील गटिंगन येथील गेओर्ग म्युलर आणि आल्फोन्स पिल्त्सेकर यांनी रूढ केली. एक यादी पाठ केल्यावर लगेच दुसरी यादी पाठ केली, तर पहिलीचे विस्मरण अधिक होते, असे त्यांना आढळले. यावरून, पाठांतर संपल्यानंतरही काही काळ स्मृती घट्ट होण्याची क्रिया चालूच राहते, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

निद्रा आणि स्मृती या दोन गोष्टींचा विचार भारतीय परंपरेत जुना आहे. पतंजलीच्या योगसूत्रांत सांगितलेल्या पाच चित्तवृत्तींत या दोहोंची गणना केलेली आढळते. मात्र एकीचा दुसरीवर होणारा परिणाम मोजून पाहण्याचे काम आधुनिक काळातील आहे.

संशोधनाचा इतिहास

जर्मन मानसशास्त्रज्ञ हेरमान एबिंगहाउस याने १८८५ मध्ये स्मृतीवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. अर्थहीन अक्षरसमूह स्वतः पाठ करून, ते किती काळाने किती विसरले जातात याची मोजणी त्याने केली. त्याच्या तक्त्यानुसार, पुन्हा पाठ करताना वाचणारे श्रम एका तासानंतर सुमारे ४४ टक्के, सुमारे नऊ तासांनंतर ३६ टक्के आणि २४ तासांनंतर ३४ टक्के होते. म्हणजे नऊ ते चोवीस तासांच्या काळात, ज्यात रात्रीची झोप येते, विस्मरण फारच थोडे झाले होते. एबिंगहाउसच्या हे लक्षात आले होते. परंतु झोपेमुळे एवढा फरक पडेल हे त्याला पटले नाही आणि तो आकडा योगायोगाने बिघडला असावा असे त्याने मानले.

या प्रश्नाचा स्वतंत्र प्रयोग अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात जॉन जेंकिन्स आणि कार्ल डॅलनबाख यांनी केला. १९२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात दोन विद्यार्थ्यांनी दहा-दहा अर्थहीन अक्षरसमूह पाठ केले. त्यानंतर एक, दोन, चार किंवा आठ तासांनी त्यांची परीक्षा घेण्यात आली. कधी हा मधला काळ झोपेत गेला, तर कधी जागेपणी. आठ तासांच्या झोपेनंतर निम्म्याहून अधिक अक्षरसमूह आठवले. तेवढाच वेळ जागे राहिल्यावर मात्र जेमतेम एखादाच आठवला. जागेपणी नवनव्या अनुभवांची गर्दी होऊन जुने झाकले जाते आणि झोपेत असा व्यत्यय येत नाही, असे स्पष्टीकरण त्यांनी दिले. झोप ही केवळ आसरा देते, स्वतः काही करत नाही, असा याचा अर्थ होता.

हे मत पुढे बदलले. १९५३ मध्ये शिकागो विद्यापीठातील यूजीन ॲझेरिन्स्की आणि नॅथॅनियल क्लाइटमन यांनी झोपेतील डोळ्यांच्या जलद हालचालींची अवस्था नोंदवली. झोप एकसारखी नसून तिच्यात निरनिराळ्या अवस्था आहेत आणि मेंदू त्या काळात कार्यरत असतो, हे त्यातून स्पष्ट झाले. त्याच वर्षी फिट्सच्या विकारासाठी हेन्री मोलायसन या अमेरिकी रुग्णाच्या मेंदूवर शस्त्रक्रिया झाली आणि हिप्पोकॅम्पस हा मेंदूचा आतील भाग दोन्ही बाजूंनी बराचसा काढण्यात आला. त्यानंतर त्याला जुन्या आठवणी बऱ्याच अंशी सांगता येत. परंतु नव्या घटना त्याच्या लक्षात राहत नसत. विल्यम स्कोव्हिल आणि ब्रेंडा मिल्नर यांनी १९५७ मध्ये ही हकीकत प्रसिद्ध केली. नव्या आठवणी घडविण्यासाठी हिप्पोकॅम्पस आवश्यक आहे, पण जुन्या आठवणी कालांतराने अन्यत्र स्थिरावतात, हा विचार तेथून पुढे आला.

१९९४ मध्ये मॅथ्यू विल्सन आणि ब्रूस मॅकनॉटन यांनी उंदरांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. जागेपणी फिरताना उंदराच्या हिप्पोकॅम्पसमधील ज्या चेतापेशी एकत्र उद्दीपित झाल्या होत्या, त्याच पेशी नंतरच्या झोपेतही एकत्र उद्दीपित होताना आढळल्या. दिवसाच्या अनुभवाची झोपेत उजळणी होते, याचा हा प्रत्यक्ष पुरावा मानला जातो.

भारतात दिल्लीतील अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था व जवाहरलाल नेहरू विद्यापीठ, तसेच बंगळूर येथील निम्हान्स या संस्थांमध्ये झोपेच्या शरीरक्रियेवर संशोधन झाले आहे.

झोपेच्या अवस्था

झोपेचे मुख्य दोन प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात झोप हलकेपणाकडून गाढपणाकडे जाते. तिच्या सर्वांत गाढ भागात मेंदूतील विद्युत्‌लहरी मोठ्या व संथ असतात, म्हणून तिला मंदतरंग झोप म्हणतात. दुसऱ्या प्रकारात बंद पापण्यांखाली डोळे वेगाने हलतात, स्नायू शिथिल पडतात आणि ठळक स्वप्ने पडतात. हिला 'रेम झोप' असे म्हटले जाते.

प्रौढ माणसात या दोहोंचे मिळून सुमारे ९० मिनिटांचे एक चक्र होते आणि रात्रभरात अशी चार ते सहा चक्रे पूर्ण होतात. रात्रीच्या पूर्वार्धात मंदतरंग झोप अधिक असते, तर पहाटेकडे रेम झोपेचा वाटा वाढत जातो. त्यामुळे उशिरा झोपणे आणि लवकर उठणे यांचे परिणाम सारखे नसतात. पहाटे अकाली उठवलेल्या मुलाची गाढ झोप बरीचशी झालेली असते. रेम झोप मात्र कापली जाते. लहान मुलांमध्ये मंदतरंग झोपेचे प्रमाण मोठे असते आणि किशोरवयापासून ते कमी होत जाते.

दृढीकरणाची प्रक्रिया

आज सर्वाधिक मान्यता असलेल्या स्पष्टीकरणानुसार मेंदूत आठवणी साठविण्याची दुहेरी व्यवस्था आहे. हिप्पोकॅम्पस नवी माहिती चटकन टिपून घेतो. पण त्याची भूमिका रोजच्या कच्च्या खर्डेवहीसारखी असते. मेंदूचे बाह्य आवरण, ज्यास कॉर्टेक्स म्हणतात, ते सावकाश शिकते. परंतु तेथे नोंदले गेलेले दीर्घकाळ टिकते. खर्ड्यातील नोंदी पक्क्या खातेवहीत उतरविण्याचे काम मुख्यतः मंदतरंग झोपेत चालते.

या कामात तीन प्रकारच्या लहरींचा मेळ बसतो. कॉर्टेक्समध्ये सेकंदाला साधारण एक किंवा त्याहून कमी वेगाने येणाऱ्या संथ लहरी ताल धरतात. त्या तालावर मेंदूच्या मध्यभागी असलेल्या थॅलॅमसमधून सेकंदाला सुमारे १२ ते १५ आंदोलनांचे छोटे झोत निघतात. त्यांची आकृती चातीसारखी, म्हणजे मधे फुगीर व दोन्ही टोकांना निमुळती, दिसत असल्यामुळे त्यांना निद्राचाती म्हणता येईल. याच क्षणी हिप्पोकॅम्पसमध्ये अतिजलद तरंग उठतात आणि दिवसा घडलेल्या अनुभवाचा पेशीक्रम थोडक्या वेळात पुन्हा उमटतो. गाढ झोपेत मेंदूतील ॲसिटिलकोलीन या रसायनाची पातळी खाली येते. जागेपणी हे रसायन नवी माहिती आत घेण्यास साहाय्य करते. ते कमी झाले की हिप्पोकॅम्पसकडून कॉर्टेक्सकडे माहिती जाण्याचा मार्ग मोकळा होतो.

अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठातील ज्युलिओ टोनोनी आणि किआरा चिरेल्ली यांनी याला पूरक असा दुसरा सिद्धांत मांडला आहे. दिवसभर शिकताना चेतापेशींमधील जोड सतत बळकट होत जातात. हे असेच चालू राहिले तर मेंदूची ऊर्जा व जागा दोन्ही अपुरी पडतील. झोपेत हे जोड सरसकट थोडे सैल केले जातात. जे मुळात मजबूत असतात ते टिकतात आणि किरकोळ ते गळून पडतात. या मतानुसार झोप ही शेतातील निंदणीसारखे काम करते : तण गेल्याने पीक उठून दिसते आणि दुसऱ्या दिवशीच्या पेरणीला जागा होते.

स्मृतीचे प्रकार आणि झोप

शब्द, तारखा, स्थळे, घटना अशा सांगता येण्याजोग्या गोष्टींची स्मृती आणि सायकल चालविणे, वाद्य वाजविणे अशा कौशल्यांची स्मृती हे दोन वेगळे प्रकार आहेत. १९९७ मध्ये व्हेर्नर प्लिहाल आणि यान बॉर्न यांनी जर्मनीत केलेल्या प्रयोगात, शब्दांच्या जोड्या लक्षात ठेवण्यास रात्रीच्या पूर्वार्धातील झोप अधिक उपयोगी ठरली. आरशात पाहून आकृती गिरविण्याच्या कौशल्यास उत्तरार्धातील झोप उपयोगी ठरली. पुढील संशोधनात ही विभागणी इतकी काटेकोर नसल्याचे दिसले आहे. हलक्या झोपेतील निद्राचातींचाही कौशल्यांशी संबंध आढळतो.

ठरावीक क्रमाने बोटे टिपण्याच्या सरावावरील मॅथ्यू वॉकर व त्यांच्या सहकाऱ्यांच्या २००२ मधील प्रयोगात, रात्रीच्या झोपेनंतर सरावाशिवायच वेग सुमारे २० टक्क्यांनी वाढलेला आढळला. २००४ मध्ये लूबेक येथील ऊलरिख वाग्नर व सहकाऱ्यांनी अंकांचे एक कोडे दिले, ज्यात एक छुपा नियम होता. झोप घेऊन आलेल्यांपैकी तो नियम ओळखणाऱ्यांचे प्रमाण जागे राहिलेल्यांच्या दुपटीहून अधिक होते.

भाषाशिक्षणाच्या दृष्टीने निकोला द्युमे आणि गॅरेथ गॅस्केल यांचे २००७ मधील काम महत्त्वाचे आहे. नवा शब्द त्याच दिवशी ओळखता येतो. परंतु मनातील शब्दसंग्रहात तो मुरून इतर शब्दांच्या बरोबरीने वावरू लागतो, तो झोपेनंतरच, असे त्यात दिसले. घरी माडिया वा गोंडी बोलणारे आणि शाळेत मराठीतून शिकणारे मूल रोज असे अनेक नवे शब्द झेलत असते. अशा मुलाच्या बाबतीत झोपेचे महत्त्व म्हणूनच अधिक आहे.

झोपेत अगदी नवा धडा शिकता येतो, ही समजूत मात्र खरी ठरलेली नाही. १९५० च्या दशकात चार्ल्स सायमन आणि विल्यम एमन्स यांनी झोपलेल्या माणसांना माहिती ऐकवली आणि मेंदूलहरींवरून झोप खरोखर लागल्याची खात्री करून घेतली. अशा झोपेत ऐकलेले लोकांना आठवले नाही. आधी शिकलेल्या गोष्टीची झोपेत आठवण चाळवता येते, ही गोष्ट निराळी. ब्यर्न राश व सहकाऱ्यांच्या २००७ मधील प्रयोगात चित्रांच्या जागा लक्षात ठेवताना गुलाबाचा वास देण्यात आला. तोच वास गाढ झोपेत पुन्हा दिल्यावर त्या जागा अधिक चांगल्या आठवल्या.

झोप अपुरी पडल्यास

अपुऱ्या झोपेचे नुकसान दुहेरी असते. एक म्हणजे आदल्या दिवशी शिकलेले पक्के होत नाही. दुसरे म्हणजे दुसऱ्या दिवशी नवे शिकण्याची क्षमता घटते. सुंग-शिक यू व सहकाऱ्यांनी २००७ मध्ये दाखविले की, एक रात्र जागून काढलेल्या तरुणांना दुसऱ्या दिवशी दाखविलेली चित्रे कमी आठवली आणि ती पाहताना त्यांच्या हिप्पोकॅम्पसचे कार्यही मंदावले होते. आजवरच्या अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार शिकण्यापूर्वीच्या जागरणाचा दुष्परिणाम शिकल्यानंतरच्या जागरणाच्या सुमारे दुप्पट असतो. परीक्षेच्या आदल्या रात्रीच्या जागरणाइतकेच शाळेच्या आदल्या रात्रीचे जागरणही महाग पडते, असा त्याचा अर्थ होतो.

हे नुकसान नंतरच्या झोपेने नेहमीच भरून निघत नाही. रॉबर्ट स्टिकगोल्ड व सहकाऱ्यांच्या २००० मधील प्रयोगात, दृष्टीने बारकावे ओळखण्याच्या सरावानंतर पहिली रात्र जागवलेल्या व्यक्तींना पुढील दोन रात्री झोपू दिले, तरीही त्यांच्यात अपेक्षित सुधारणा दिसली नाही.

अमेरिकेतील निद्रावैद्यक अकादमीने २०१६ मध्ये केलेल्या शिफारशीनुसार ३ ते ५ वर्षांच्या मुलांना दुपारच्या झोपेसह १० ते १३ तास, ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास आणि १३ ते १८ वर्षांच्या मुलांना ८ ते १० तास झोप आवश्यक आहे.

मतभेद आणि मर्यादा

झोपेचा स्मृतीशी संबंध सर्वमान्य असला, तरी त्याच्या स्वरूपाविषयी मतभेद आहेत. रेम झोप दृढीकरणासाठी अनिवार्य असती, तर ती दडपणारी नैराश्यावरील औषधे घेणाऱ्यांची स्मृती ढासळली असती. परंतु तसे दिसत नाही, असा आक्षेप रॉबर्ट व्हर्टीस आणि जेरोम सीगल यांनी घेतला आहे. बोटांच्या सरावातील वाढ ही खरी वाढ नसून थकवा उतरल्याचा परिणाम असावा, असेही काहींचे मत आहे. प्रयोगशाळेतील बरेच प्रयोग थोड्या व्यक्तींवर, मुख्यतः महाविद्यालयीन तरुणांवर झालेले आहेत. त्यामुळे त्यांचे आकडे जसेच्या तसे प्रत्येक वर्गखोलीला लावणे योग्य ठरत नाही.

झोपेचे तास आणि झोपेची प्रत यांतही फरक केला पाहिजे. चेन्नईतील अल्प उत्पन्न गटातील ४५२ प्रौढांवर झालेला एक प्रयोग २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. हे लोक अंथरुणात सुमारे आठ तास असत, पण प्रत्यक्ष झोप साडेपाच तासांच्या आसपासच होई. उष्मा, गोंगाट व डास यांमुळे ती वारंवार मोडे. उपाय योजून त्यांची रात्रीची झोप सुमारे अर्ध्या तासाने वाढविण्यात आली, तरी कामात वा बौद्धिक क्षमतेत मोजण्याजोगा फरक पडला नाही. दुपारी शांत जागी घेतलेल्या छोट्या झोपेने मात्र कामाची गती आणि लक्ष यांत सुधारणा झाली.

महाराष्ट्रातील शाळांची वेळ

शहरांतील अनेक शाळा दोन सत्रांत भरतात आणि सकाळचे सत्र सातच्या सुमारास सुरू होते. डिसेंबर २०२३ मध्ये तत्कालीन राज्यपाल रमेश बैस यांनी मुलांची झोप पूर्ण होत नसल्याकडे लक्ष वेधून शाळांच्या वेळेचा फेरविचार करण्याची सूचना केली. त्यानंतर राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने ८ फेब्रुवारी २०२४ रोजी शासन निर्णय काढला. पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ वाजता किंवा त्यानंतर भरवावेत, असे त्यात सांगण्यात आले आणि २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून तो लागू करण्यात आला. एकाच इमारतीत दोन सत्रे चालविणाऱ्या शाळा, शालेय बसचालक आणि नोकरदार पालक यांच्याकडून अडचणी मांडण्यात आल्या.

अन्यत्रही असे प्रयत्न झाले आहेत. अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञ अकादमीने २०१४ मध्ये माध्यमिक शाळा सकाळी साडेआठपूर्वी सुरू करू नयेत अशी शिफारस केली. त्या देशातील कॅलिफोर्निया राज्याने तसा कायदा २०१९ मध्ये केला आणि २०२२ मध्ये तो अमलात आला. या दोन्ही उपायांचा रोख किशोरवयीन मुलांवर आहे. किशोरवयात शरीरातील घड्याळच पुढे सरकते आणि रात्री झोप उशिरा येऊ लागते. महाराष्ट्रातील निर्णय मात्र चौथीपर्यंतच्या मुलांसाठी आहे. त्यापुढील वर्ग त्याच्या कक्षेत येत नाहीत.

राज्यभर घड्याळ एकच असले, तरी सूर्य सर्वत्र एकाच वेळी उगवत नाही. मुंबई आणि गडचिरोली यांच्या रेखांशांत सुमारे सात अंशांचे अंतर आहे. त्यामुळे गडचिरोलीत सूर्योदय व सूर्यास्त मुंबईच्या जवळजवळ अर्धा तास आधी होतात. घड्याळातील सकाळचे सात वाजता मुंबईतील मूल पहाटेच्या अधिक जवळ असते.

चंद्रपूर आणि गडचिरोली

गडचिरोली हा पूर्वी चंद्रपूर जिल्ह्याचाच भाग होता. २६ ऑगस्ट १९८२ रोजी तो स्वतंत्र जिल्हा झाला. या दोन्ही जिल्ह्यांत झोपेला बाधा आणणाऱ्या गोष्टी मुंबई-पुण्याहून वेगळ्या आहेत. चंद्रपूर व ब्रह्मपुरी येथील उन्हाळ्याचे तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या पुढे जाते. झोप लागताना शरीराचे तापमान किंचित उतरावे लागते. रात्रीही उष्मा राहिल्यास ते उतरत नाही आणि गाढ झोप उणावते. उन्हामुळेच येथे उन्हाळ्यात शाळा सकाळच्या करतात. म्हणजे रात्री उकाड्याने उशिरा झोप लागते आणि पहाटे लवकर उठावे लागते, अशी दोन्हीकडून कात्री लागते. राज्यातील हिवतापाच्या रुग्णांत गडचिरोलीचा वाटा दीर्घकाळ सर्वाधिक राहिला आहे. औषधी मच्छरदाणी हे रोगप्रतिबंधाचे साधन आहेच. पण सलग झोपेचेही आहे. निवासी आश्रमशाळांमध्ये मुलांची रात्र आणि दिवस दोन्ही संस्थेच्या देखरेखीखाली जातात. त्यामुळे तेथे शयनगृहातील हवा, अंधार, मच्छरदाण्या व दिवे मालविण्याची वेळ या बाबी वर्गातील फळा-खडूइतक्याच शिक्षणाशी निगडित ठरतात.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या धानाच्या पट्ट्यात झाडीपट्टी रंगभूमीची परंपरा आहे. दिवाळीनंतर धान निघाले की गावोगाव नाटके होतात. देसाईगंज, म्हणजेच वडसा, हे नाटक मंडळ्यांचे केंद्र आहे. या रंगभूमीवरील ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री देण्यात आली. प्रयोग रात्री उशिरा सुरू होऊन पहाटेपर्यंत चालतात. हंगामात नटमंडळींना रात्रीमागून रात्री जागून झोप दिवसा भरून काढावी लागते. दिवसाच्या झोपेतही दृढीकरण होते. परंतु उजेड, आवाज आणि शरीरातील घड्याळ यांमुळे ती तोकडी व तुटक होण्याचा संभव असतो. पाठ झालेल्या भूमिकेला त्याने सहसा धक्का लागत नाही. नवी भूमिका बसवताना मात्र त्या झोपेची उणीव जाणवू शकते.

गडचिरोली जिल्ह्याच्या चामोर्शी तालुक्यात वैनगंगेच्या काठी मार्कंडा येथे प्राचीन शिवमंदिरांचा समूह आहे. महाशिवरात्रीला येथे मोठी यात्रा भरते आणि भाविक रात्री जागरण करतात. ही तिथी माघ महिन्यात, म्हणजे फेब्रुवारी-मार्चमध्ये येते. शालान्त परीक्षांचा काळही तोच असतो. २०२४ मध्ये दहावीची परीक्षा १ मार्चला सुरू झाली आणि महाशिवरात्र ८ मार्चला होती. २०२५ मध्ये परीक्षा २१ फेब्रुवारीपासून होती आणि महाशिवरात्र २६ फेब्रुवारीला आली. उपलब्ध संशोधनावरून पाहता, एका जागरणाने वर्षभराचा अभ्यास वाहून जात नाही. ज्या आठवणी महिनोन्‌महिने उजळणीने कॉर्टेक्समध्ये स्थिरावल्या आहेत, त्या टिकून राहतात. बाधा पोहोचते ती त्याच दिवशी नव्याने वाचलेल्या भागास आणि दुसऱ्या दिवशीच्या अवधानास. ज्याचा अभ्यास वेळच्या वेळी झालेला आहे त्याला जागरण कमी भोवते. सारा अभ्यास शेवटच्या रात्रीवर ठेवणाऱ्याचे, मग ती रात्र यात्रेत जावो वा पुस्तकापुढे, नुकसान अधिक होते.

पाठांतराची परंपरा

महाराष्ट्रातील घरांत तिन्हीसांजेला दिवा लावून शुभंकरोती म्हणण्याची आणि परवचा घेण्याची चाल होती. पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाउणकी, दिडकी यांची उजळणी होई. त्यानंतर जेवण आणि झोप. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, जर्मनीतील शालेय विद्यार्थ्यांवरील एका प्रयोगात परक्या भाषेतील शब्द पाठ केल्यानंतर काही तासांतच झोपलेल्यांना ते अधिक आठवले. परवचा घेणाऱ्यांच्या मनात असा काही सिद्धांत नव्हता. तरीही त्या दिनक्रमाचा आणि या निष्कर्षाचा मेळ बसतो.

याउलट विद्यार्थ्याच्या पाच लक्षणांत गणलेली 'श्वाननिद्रा', म्हणजे कुत्र्यासारखी सावध व हलकी झोप, आजच्या ज्ञानाशी जुळत नाही, कारण दृढीकरणास गाढ झोपच लागते. पहाटे उठून केलेला अभ्यास चांगला, ही समजूत अर्धी खरी आहे. पहाटे शांतता असते आणि मन ताजे असते. परंतु ते ताजेपण रात्री वेळेवर झोपल्याने आलेले असते. मध्यरात्रीपर्यंत जागून पहाटे चारला उठणाऱ्यास ते लाभत नाही.

व्यवहारातील उपयोग

या संशोधनातून शिक्षणासाठी निघणारे निष्कर्ष साधे आहेत. एकाच बैठकीत चार तास वाचण्यापेक्षा तोच वेळ चार दिवसांत वाटून दिल्यास मध्ये तीन रात्रींची झोप मिळते. कठीण भाग आणि पाठांतर संध्याकाळी केल्यास दृढीकरणापूर्वी येणारा व्यत्यय कमी होतो. दुपारची छोटी झोपही उपयोगी पडू शकते. सारा मेडनिक यांच्या २००३ मधील प्रयोगात ६० ते ९० मिनिटांच्या झोपेने दृष्टिकौशल्यात रात्रभराच्या झोपेइतकी सुधारणा झाली. मात्र झोप न शिकलेले शिकवू शकत नाही. ग्रहण नीट झालेले असेल तरच दृढ करण्यास काही असते. आणि लक्ष देऊन केलेल्या अभ्यासानंतरची शांत, पुरेशी, सलग झोप हीच त्या अभ्यासाची पूर्तता होय.